पुराचे गणित कोणत्या संगणकाने करायचे?

पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हा आम्हा सांगलीकरांच्या रोजच्या बोलण्यातला विषय असतो, म्हणून डेटाफ्लो अल्गोरिदमच्या, म्हणजे एकमेकांच्या उत्तरांवर अवलंबून असलेल्या कामांच्या, शेड्युलिंगसाठी उदाहरणही तिचेच घेतो. ‘अ’ या कामात पावसाच्या आणि धरणांतील विसर्गाच्या नोंदी वाचून त्या आधीच्या तासाच्या पातळीशी जुळवायच्या, त्यावरून ‘ब’ने वारणेचा व ‘क’ने कोयना-कृष्णेचा प्रवाह काढायचा आणि या दोघांची उत्तरे आल्यावर ‘ड’ने सांगलीची पातळी सांगायची. लागणारी माहिती पोहोचली की काम सुरू होऊ शकते, एवढाच डेटाफ्लोचा नियम आहे. ते कोणत्या संगणकावर करायचे, हे ठरवणे शेड्युलिंगकडे येते.

हिशेबापुरते असे धरू की या कामांना अनुक्रमे 2, 3, 4 आणि 1 सेकंद लागतो. एकट्या संगणकाला 10 सेकंद लागतील आणि मेमरी सामायिक असलेल्या दोन प्रोसेसरांना 7. परंतु पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने 1991 मध्ये उभारलेल्या परम 8000 या महासंगणकासारख्या मल्टिकॉम्प्युटरमध्ये प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र असते आणि दुसरीकडे लागणारे प्रत्येक मधले उत्तर निरोपाने पाठवावे लागते. निरोपाला 2 सेकंद धरून केवळ ‘ब’ दुसरीकडे हलवले, तर शेवटचे उत्तर पुन्हा दहाव्या सेकंदालाच मिळते, म्हणजे दुसरा संगणक फुकट गेला. ‘ड’सुद्धा ‘ब’च्या सोबत ठेवले तर 9 सेकंद लागतात. मूळ नोंदी दोन्हीकडे असतील, तर ‘अ’ दोन्ही संगणकांवर चालवून आणि ‘ड’ला ‘क’जवळच ठेवून 8 सेकंदांत भागते. एकच काम दोनदा करणे ही उधळपट्टी वाटते खरी, पण निरोप महाग असेल तेव्हा तीच काटकसर ठरते. चार कामांचा हा हिशेब कागदावर सुटतो; कामे वाढली की सर्वोत्तम वाटप शोधणे एनपी-पूर्ण प्रश्नांच्या, म्हणजे ज्यांची झटपट सोडवण्याची रीत कुणालाच ठाऊक नाही अशांच्या, गटात जाते, हे संगणकशास्त्रज्ञ जेफ्री उलमन यांनी 1975 मध्येच दाखवले आहे.

त्याहून मोठा अडसर पुढच्या तासाचा आहे. ‘ड’चे उत्तर पुढच्या तासाच्या ‘अ’ला लागत असल्यामुळे कामे आणि त्यांना जोडणारे बाण यांच्या आलेखात एक वळसा तयार होतो. त्यातली सर्वांत लांब वाट अ-क-ड ही 7 सेकंदांची असल्याने, ही कामे आतून फोडल्याशिवाय, शंभर संगणक जोडले तरी एका तासाचे गणित त्याहून लवकर होणार नाही. यंत्रे वाढवण्याची मागणी करण्यापूर्वी हा वळसा मोजावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाचे निरनिराळे अंदाज मात्र एकमेकांवर अवलंबून नसतात. प्रत्येक संगणकाला एकेक अंदाज सबंध दिला, तर मधले निरोप उरतच नाहीत आणि दोन संगणक 10 सेकंदांत दोन अंदाजांचे एकेका तासाचे गणित पुरे करतात. कोयनेचे दरवाजे अचानक उघडले आणि एकच उत्तर तातडीने हवे असेल, तर 8 सेकंदांची मांडणीच वापरावी लागेल.