‘आमका दर्या आसा. तुमका थय काय आसा?’

जुलैत देवगडचं बंदर आजारी माणसासारखं पडून असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, बोटी खाडीत नांगरलेल्या, काही वर ओढून ताडपत्रीखाली, आणि एरवी आठ-आठ दिवस तोंड न दाखवणारी माणसं घराघरांच्या पडवीत जाळी सांधत बसलेली. खेळाची चाचणी मी मुद्दाम याच दिवसांत ठेवली होती. भाच्याला सुट्टी होती, त्याचे दोन मित्र पुण्याहून आले होते, आणि पाऊस इतका लागला होता की त्यांना समुद्रावर जायचा मोह होण्याची भीती नव्हती.

माझं काम लोकांना समजावणं अवघड जातं. शेजारच्या काकू अजूनही ‘ती सापशिडी बनवते’ असं सांगतात. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, वीस बाजूंचा फासा पडेल तसं घडत जातं, आणि एक जण, म्हणजे गेम मास्टर, बाकी सगळं जग चालवतो. ते जग आधी कुणीतरी रचून द्यावं लागतं. ते रचण्याचे मला पैसे मिळतात. त्याआधी सहा वर्षं मी मुंबईत कोल्ड स्टोरेजच्या धंद्यात इंजिनिअर होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे माझी लाज निघणार आहे ती यावरूनच.

पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकानं मागितलं होतं ते असं: अवकाशातलं जग, पण खरंखुरं. जादू नाही, प्रकाशाहून वेगानं जाणारं काही नाही. मी सेरेस निवडला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला हा सगळ्यात मोठा गोळा, व्यास जेमतेम ९४० किलोमीटर, १८०१ च्या १ जानेवारीला इटालियन खगोलशास्त्रज्ञ पियाझीला दिसलेला. २०१५ मध्ये नासाचं डॉन यान तिथे पोचलं. सेरेसच्या कवचात पाण्याचा बर्फ भरपूर आहे. गुरुत्वाकर्षण आपल्या छत्तीसाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणून माझ्या वस्तीतली माणसं एका फिरत्या कड्यात राहतात. मिनिटाला दोन फेरे आणि त्रिज्या २२४ मीटर धरली की पायाखाली पृथ्वीइतकं वजन मिळतं. हे सगळं मी चोख केलं होतं. शिवाय बारा पानं इतिहास, तीन झेंडे आणि एक राष्ट्रगीत. राष्ट्रगीताबद्दल आता बोलायला नको.

सकाळचा खेळ छान रंगला. पृथ्वीवर निरोप पाठवायचा तर जागा पाहून एका बाजूला १३ ते ३३ मिनिटं लागतात, म्हणून मी नियम केला होता की पोरांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून नारळाखाली ठेवायचा आणि घड्याळ लावायचं. उत्तर तितका वेळ झाल्याशिवाय नाही. पोरं पहिल्यांदा हसली, मग चिडली, आणि तिसऱ्या वेळी उत्तर येईपर्यंत थांबण्यापेक्षा स्वतःच निर्णय घ्यायला लागली. मला नेमकं तेच हवं होतं. मधल्या वेळात वहिनीनं दोनदा चहा केला.

अडीचच्या सुमारास वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी तासाभरात संपली आणि माझी सगळी कोष्टकं त्याच्याबरोबर. आम्ही टेबल ओढून पडवीत आणलं. तिथे मामा बसले होते. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, चाळीस वर्षं तांडेलकी, म्हणजे बोटीची कप्तानी, केलेली, आता गुडघे गेलेत. मांडीवर जाळं, बाजूला अडकित्ता. सकाळपासून ते ऐकत होते हे मला तेव्हा कळलं.

भाच्याच्या यानामागे गस्तीचं जहाज लागलं होतं. भाचा म्हणाला, “मावशी, आम्ही दगडाआड जातो. इंजिन बंद, सगळं बंद. आणि तुझा तो काळा लेप आहेच.”

लेप माझ्या पुस्तकात होता. पान ३१, ‘अदृश्य आवरण’, यानाला दिसेनासं करतं. चार ओळी. मी फासा हातात घेतला, आणि तेवढ्यात मामा बोलले.

“बाय, त्या बोटीची गरमी खय जाता?”

मी म्हटलं, “मामा, अवकाशात खूप थंडी असते.”

“थंडी आसात. पन गरमी जाता खय?” त्यांनी जाळ्याची गाठ ओढली. “आमच्या इंजिनाक दर्याचा पाणी आसा. आत घेतला, फिरवला, भायर टाकला. आमका दर्या आसा. तुमका थय काय आसा?”

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी सहा वर्षं पगार घेतला होता तो याच एका प्रश्नाचा. शीतगृह थंडी बनवत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं, आणि टाकायला बाहेर काहीतरी लागतं, हवा किंवा पाणी. अवकाशात दोन्ही नाही. तिथली थंडी म्हणजे थर्मासची बाटली, आतला चहा गरमच राहतो. उष्णता जायला एकच वाट, किरणांनी. म्हणून तर अंतराळ स्थानकाला ते मोठे पांढरे पंख आहेत, उष्णता बाहेर टाकणारे पत्रे, ज्यांच्या नळ्यांतून अमोनिया फिरतो. हे मला पाठ होतं, आणि तरी मी लेपाच्या चार ओळी लिहून पुढे गेले होते. कारण राष्ट्रगीत लिहायची घाई होती.

खेळ थांबवला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जून महिन्याचं पान फाडलं आणि पाठीमागे आकडे मांडले. यानाला १ मेगावॅट वीज लागते, तर अणुभट्टी साधारण ५ मेगावॅट उष्णता करते असं धरू, म्हणजे ४ मेगावॅट नुसती फेकायची. पंख २७ अंशांवर ठेवले तर एका चौरस मीटरातून जेमतेम ४६० वॅट जातात. दोन्ही बाजूंनी फेकलं तरी कबड्डीची तेहतीस मैदानं लागतात. तापमान केल्व्हिनमध्ये, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजून, दुप्पट केलं आणि ३२७ अंशांवर नेलं, की तेच काम सोळा पट होतं आणि दोन मैदानांत भागतं. पण ३२७ अंशांचे दोन मैदानाएवढे पंख पसरून कुणी लपतं का? सेरेसच्या अंतरावर सूर्याच्या उन्हात पडलेला काळा दगड उणे शंभरच्या आसपास असतो. त्यांच्या गर्दीत आपलं यान म्हणजे अमावास्येच्या रात्री खाडीत पेटवलेली गॅसबत्ती.

“मग लपायचंच नाही?” भाचा रडकुंडीला आला.

मामांनी वर न बघता सांगितलं, “बर्फ भर.”

मला वाटलं, त्यांना आपल्या जुन्या फेऱ्या आठवल्या. तशा आठवल्याच होत्या. मग ते जे बोलले ते मी माझ्या शब्दांत सांगते. लोकांना वाटतं बोट किती दिवस बाहेर राहील ते डिझेल ठरवतं. डिझेल असतंच. पण मासळी पकडली की ती नासायला सुरुवात होते, आणि तिला धरून ठेवतो तो खणातला बर्फ. फॅक्टरीतून लाद्या यायच्या, मशिनीत फोडून खणात जायच्या, आणि त्या क्षणापासून तांडेलाचं घड्याळ चालू. समोर मासळीचा थवा लागलेला असला तरी बर्फ पाहून परत फिरायचं. “बर्फ संपलो काय घराक ये. तुमची गरमी बर्फाक घालूची, भायर नाय टाकूची.”

१ किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. पंख मिटायचे, अणुभट्टी बंद करायची (बंद केली तरी ती लगेच थंड होत नाही, काही दिवस आतून उष्णता सोडत राहते), माणसांची, पंपांची, बॅटरीची उष्णता, सगळी मिळून सरासरी ५० किलोवॅट धरली. ४० टन बर्फ ती किती वेळ गिळेल? भागाकार केला तर ७४ तास आले. तीन दिवस आणि वर दोन तास.

मी आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा पडवीत कुणी बोललं नाही. पावसाचा आवाज तेवढा होता. मग पुण्याच्या पोरांपैकी एक, जो सकाळपासून फोन बघत होता, त्यानं फोन खाली ठेवला आणि म्हणाला, “म्हणजे आम्ही आत्ता कितव्या तासात आहोत?”

तिथून संध्याकाळपर्यंत जो खेळ झाला तसा मी आजवर चालवलेला नाही. फासे फार पडले नाहीत. मी वाटीत चाळीस चिंचोके ठेवले, एक चिंचोका म्हणजे एक टन, आणि खेळातले दोन तास सरले की एक उचलायचा. हिशोबानं १ टनाला १ तास ५१ मिनिटं येतात, पण दोन तास धरले, पोरांना नऊ मिनिटं माझ्याकडून बक्षीस. त्यांनी स्वयंपाक बंद केला. दिवे बंद केले. एकानं विचारलं की व्यायाम न करता पडून राहिलं तर अंगाची उष्णता कमी होईल का. होते, झोपलेला माणूस ८० वॅटच्या आसपास. त्यांनी बारापैकी आठ खलाशांना झोपवलं. हे मी कुठल्याही पानावर लिहिलेलं नव्हतं.

आणि मामांचे प्रश्न थांबेनात. “बर्फ कोण देता तुमका? रोख, की उधारीर?”

मी म्हटलं, वस्तीचं सरकार देतं. त्यावर ते हसले. सुपारी कातरत त्यांनी सांगितलं ते इथल्या कुठल्याही बंदरात ऐकायला मिळेल. हंगामाच्या सुरुवातीला हातात पैसे नसतात. व्यापारी बर्फ देतो, डिझेल देतो, जाळ्याला पैसे देतो, आणि मग मासळी त्याच्याच तराजूवर, त्याच्याच भावानं. फेड होत नाही, पुढच्या वर्षी परत तोच. मी कॅलेंडरच्या पानावर माझ्या तीन झेंड्यांवर काट मारली. सेरेसवर कुणाचं राज्य आहे हा प्रश्नच चुकला होता. खाणीतून बर्फ कोण काढतो, तो यानांना कुठल्या अटीवर मिळतो, आणि कर्ज बुडवलं तर गस्तीचं जहाज कुणाच्या सांगण्यावरून मागे लागतं, एवढं ठरलं की बारा पानांचा इतिहास दोन परिच्छेदांत मावतो. भाच्याच्या मागचं जहाज पोलिसांचं नव्हतंच मग. ते बर्फवाल्याचं होतं. भाच्याला हे कळल्यावर त्यानं टेबलावर हात आपटला, वाटी कलंडली आणि चिंचोके जाळ्यात गेले. शोधून काढले तर सहा भरले. सहा की सात यावर जे भांडण झालं ते जेवणापर्यंत पुरलं.

सहाच धरले. बारा तासांनी पंख उघडावे लागणार, आणि जहाज अजून हलायला तयार नव्हतं. तिथे खेळ थांबवला, कारण वहिनीनं पानं वाढली होती.

रात्री पोरं झोपली. वीज आली नव्हतीच. मी कंदिलाजवळ बसून कॅलेंडरचं पान नीट उतरवून घेत होते, सकाळी प्रकाशकाला फोन करायचा होता की पान ३१ फाडा, त्याबरोबर आणखी पंधरा-वीस फाडा. मामा परसाकडून काठी टेकत आले आणि दारात थांबले.

“बाय, त्या बर्फाचा झाला पाणी. ता काय करतास? भायर टाकतास?”

बोटीत वितळलेलं पाणी तळाशी जमतं आणि पंपानं बाहेर जातं. मी हो म्हणणार होते. मग हात थांबला. यान पुढे ढकलायचं तर मागे काहीतरी फेकावं लागतं. अणुभट्टीवर तापवून फेकायला हायड्रोजन सगळ्यात चांगला, पण तो साठवायला महाकठीण. पाण्याचा किलोमागे रेटा त्याच्या निम्म्याहूनही कमी, पण टाकीत मुकाट्यानं बसतं. ३४ टन पाणी. तीन दिवस लपून जे साचलं ते सगळं एकदम मागे फेकून पळता येईल, पण मग पुन्हा लपायला थेंब उरणार नाही, आणि नवा बर्फ घ्यायला ज्याच्याकडे जायचं तोच तर बाहेर दबा धरून बसलाय.

“नाय टाकनव मामा,” मी म्हटलं.

“मगे?”

मी कंदील पुढे ओढला आणि मे महिन्याचं पान फाडलं.