चाचांची मंजिल

कुरआन पाठ करण्यापेक्षा पाठ झालेला राखणं कठीण. हिफ्ज, म्हणजे कुरआन तोंडपाठ करणं, शिकवणाऱ्या कुठल्याही उस्तादाला विचारा, तो हेच सांगेल. ३० पारे म्हणजे भाग, ११४ सुरा म्हणजे अध्याय, सहा हजारांवर आयती म्हणजे वचनं. रोजचा नवा धडा म्हणजे सबक आणि जुनं सतत फिरवत राहायचं ती मंजिल. सबक कच्चा राहिला तर दुसऱ्या दिवशी पक्का करता येतो, पण मंजिल सुटली की पारेच्या पारे हातचे जातात. बांधलेल्या उंटापेक्षाही कुरआन लवकर निसटतो, त्याला जपा, असं हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतच, आहे.

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात मी मशिदीच्या मक्तबमध्ये, म्हणजे धार्मिक शिक्षणाच्या वर्गात, शिकवतो. पोरं दिवसभर शाळेत असतात, म्हणून आमचे वर्ग पहाटेच्या फजर नमाजनंतर आणि पुन्हा दुपारनंतरच्या अस्रपासून सूर्यास्तानंतरच्या मगरिबपर्यंत. हिफ्जसाठी शाळा सोडायला मी कुणालाही सांगत नाही. आठवीचं बीजगणित आणि मंजिल एकाच डोक्यात नीट नांदतात, हे रोज डोळ्यांनी पाहतो.

त्या संध्याकाळी पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की पोरांना आवाज चढवावा लागत होता. हिफ्ज नुकतंच पूर्ण झालेला आठवीतला मुलगा समोर बसून आठवा पारा ऐकवत होता. सूरह अनआममध्ये तो अशा जागी आला, जिथे भले भले घसरतात. ‘वला तक्तुलू अवलादकुम मिन इम्लाक’, गरिबीपायी आपल्या लेकरांना मारू नका. हीच आज्ञा पंधराव्या पाऱ्यात पुन्हा येते, पण तिथे ‘मिन इम्लाक’च्या जागी ‘खश्यत इम्लाक’ आहे, म्हणजे गरिबीच्या भीतीने. पुढेही फरक आहे. इथे अल्लाह म्हणतो, तुम्हाला आणि त्यांना आम्हीच रोजी देतो. तिथे आधी त्यांना, मग तुम्हाला. एवढ्यावरही भागत नाही, दोन्हीकडे पुढची मनाई ‘वला तक्रबू’नेच सुरू होते. एकदा चुकीच्या रुळावर गेलेला मुलगा थेट पंधराव्या पाऱ्यात जाऊन पोचतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

मुलगा ‘खश्यत’ म्हणाला. मी रिहालवर, कुरआन ठेवायच्या घोडीवर, बोट आपटलं. अशा वेळी लगेच शब्द सांगायचा नसतो, मुलाने मागे जाऊन स्वतःच सापडवायचा असतो. तो मागे गेला, पुन्हा तिथेच अडला. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या माणसाच्या तोंडून, डोळे मिटलेले असतानाच, अलगद शब्द आले : ‘मिन इम्लाक.’

जहाजावरची नोकरी संपवून गावी परतलेले चाचा अस्रनंतर नुसते बसायला येत. मी विचारलं, ‘‘चाचा, तुम्ही हाफिज आहात?’’

‘‘होतो, हाफिजसाब,’’ ते म्हणाले. ‘‘आता कसला हाफिज!’’

लहानपणी मदरशात त्यांनी पूर्ण कुरआन पाठ केला होता, रमजानच्या रात्रीची तरावीहची नमाजही पढवली होती. मग बंदर, जहाज, आखात. आपल्या कोकणी घरांची हीच गोष्ट आहे. केबिनमध्ये ते एकटेच म्हणत राहिले. पण एकट्याने म्हणताना आपली चूक आपल्याला ऐकू येत नाही, ती तशीच घट्ट होत जाते. ऐकणारा कुणी नव्हता.

मगरिबनंतर मी त्यांना थांबवून घेतलं. कुठलीही आयत म्हणायची आणि त्यांनी तिथून पुढे न्यायचं. पहिले आठ-नऊ पारे बऱ्यापैकी शाबूत होते, शेवटचे दोनही. मधले विस्कटले होते. पानाला पंधरा ओळी असलेली कुरआनची प्रत हातात दिली, तर ते अधिकच गोंधळले. ‘‘ही आयत डाव्या पानावर खाली होती,’’ असं पुन्हा पुन्हा म्हणू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हाफिजाला आयत कानात असते तशी डोळ्यांतही असते, पानावरच्या तिच्या जागेसकट. म्हणून आम्ही मुलाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच छपाईची प्रत देतो. मशिदीच्या कपाटातून तेरा ओळींची जुनी प्रत शोधून काढली. चाचांनी पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायच्या आधीच रडायला लागले. मलाही बोलवेना.

दुसऱ्या दिवसापासून मी चाचांना आणि त्या मुलाला जोडीला बसवलं. मुलगा त्यांचे मधले पारे ऐकायचा, ते त्याच्या घसरणाऱ्या जागा पकडायचे. त्या रमजानमध्ये तरावीह त्याच मुलाने पढवली. आम्ही शाफई या सुन्नी परंपरेचे, त्यामुळे समज आलेल्या मुलामागे आमची नमाज होते. रोज सव्वा पारा. लुकमा द्यायला, म्हणजे अडला तर शब्द सांगायला, त्याच्या मागे पहिल्या सफमध्ये, पहिल्या रांगेत, चाचा उभे असायचे. एरवी आमच्याकडे रमजानसाठी हाफिज उत्तर प्रदेश-बिहारकडून बोलवावा लागतो. ते मनापासून येतात आणि सुंदर पढवतात. पण ईद झाली की परत जातात, आणि उरलेले अकरा महिने गावातल्या हाफिजाचं ऐकायला कुणी राहत नाही.

हिफ्ज पूर्ण झालं की आपण पोराला हार घालतो, मिठाई वाटतो. नंतर त्याचं ऐकणार कोण, हे त्याच दिवशी ठरायला हवं. मी आता पालकांकडून ते नाव आधी घेतो, वडील नाही तर काका, कुणीही नाही तर मी.

गावातले आणखी दोन हाफिज सध्या जहाजावर आहेत. त्यांतल्या एकाचा निरोप आला, नेट मिळेल तेव्हा फोनवर ऐकाल का? शुक्रवार ठरलाय. जहाजाचं घड्याळ बदलतं तशी आमची वेळही बदलते, आणि कधी कधी त्याची मंजिल ऐकायला चाचाच बसतात.