एफसी-150 : दोन कॉइल जळाल्या, तिसरी का टिकली

गाडी महिंद्रा एफसी-150, चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, 12 व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ. ठिकाण जळगाव, मे महिना, सावलीत 43 अंश.

या गाडीच्या दोन इग्निशन कॉइल (बॅटरीच्या 12 व्होल्टपासून प्लगच्या ठिणगीचं मोठं व्होल्टेज बनवणारा डबा) जळाल्या. लक्षण असं : पस्तीस-चाळीस मिनिटं गाडी नीट चालते, मग मिस मारते आणि बंद पडते. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा एका सेल्फात चालू. आपल्याकडे उन्हाळ्यात असं झालं की आधी फ्युएल पंपावर ओला फडका पडतो, कारण वेपर लॉकची (उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटण्याची) लक्षणंही हीच. फरक ओळखायचा तर बंद पडल्या-पडल्या, इंजिन गरम असतानाच, कॉइलची मधली एचटी (हाय टेन्शन, म्हणजे ठिणगीची) वायर डिस्ट्रिब्युटरमधून (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागातून) काढून इन्सुलेटेड पकडीने ब्लॉकपासून 6 मिमीवर धरायची आणि सेल्फ मारायचा. जवळपास पेट्रोल गळत नाही ना, हे आधी बघा. इथे ठिणगी पिवळी, बारीक, मध्येच गायब. म्हणजे पेट्रोलचा दोष नाही.

तापमान हाताने बघू नका. या गाडीत इंजिन केबिनमधल्या डब्याखाली असतं, तिथे चांगली कॉइलसुद्धा हाताला चटका देते. इन्फ्रारेड टेम्परेचर गनने मोजताना कॉइलच्या चकचकीत डब्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, नाहीतर आकडा कमी दाखवतो. आयडलवर 40 मिनिटांनी टेपवर 104 अंश.

मग वायरी काढून कॉइलची प्रायमरी (बॅटरीकडची वाइंडिंग) मोजली. मल्टिमीटरची दोन टोकं आधी एकमेकांना लावली तर 0.3 ओम, ते वजा करून कॉइल 1.5 ओम. खरं दुखणं इथेच होतं. 1.5 ओमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टरसोबत (करंट कमी ठेवणाऱ्या वेगळ्या रेझिस्टरसोबत) वापरायची असते. आधी कुणीतरी वायरिंग नवं करताना बॅलास्ट काढून साधी वायर थेट जोडलेली. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) मिटलेले, चावी ऑन, इंजिन बंद : कॉइलमधून 7.9 अँपियर. जवळपास शंभर वॉटची उष्णता एवढ्याशा डब्यात! (ही चाचणी काही सेकंदांतच उरकायची.) वेग वाढला की पॉइंट बंद राहण्याचा वेळ इतका कमी होतो की करंट पूर्ण चढतच नाही. म्हणून हायवेपेक्षा फाटकावर किंवा वजनकाट्याच्या रांगेत उभी असताना कॉइल जास्त तापते.

पॉइंट पूर्ण उघडल्यावरचा गॅप 0.020 इंच हवा, निघाला 0.013. कॅमवर घासून पॉइंट उघडणारी फायबरची टाच झिजली की गॅप मिटतो, पॉइंट जास्त वेळ बंद राहतात आणि कॉइलला विसावा मिळत नाही. पॉइंटवर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेकडी असेल तर फीलर गेज टेकडीवर अडकतो आणि खोटा गॅप दाखवतो. त्यामुळे घासत न बसता पॉइंट बदलले, सोबत कंडेन्सरही. कॅमवर ग्रीस काडीपेटीच्या गुलाइतकंच, जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं.

बॅलास्ट परत लावावा की 3 ओमची कॉइल घ्यावी? बॅलास्ट लावायचा तर सेल्फ मारताना त्याला बायपास करणारी वायरही हवी, ती या गाडीत नाही. म्हणून 3 ओमची. दुकानात ‘12 व्होल्टची द्या’ एवढंच सांगितलं तर दोन्हींपैकी काहीही हातात पडतं, दिसायला त्या सारख्याच. मीटर सोबत न्या आणि काउंटरवरच मोजा. आपली 3.1 ओम निघाली. मायनस टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे. उलटं जोडलं तरी गाडी चालते, पण प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल एक्झॉस्टपासून पाच इंच लांब, उभी बसवली, तोंड वर. आडवी ठेवली की तेल खाली राहतं आणि वाइंडिंगचा वरचा भाग कोरडा पडतो. चार्जिंग 14.2 व्होल्ट, म्हणजे रेग्युलेटर ठीक.

आता पॉइंट बंद असताना करंट 4 अँपियर. आयडलवर 40 मिनिटांनी 71 अंश. भर दुपारी एरंडोलपर्यंत जाऊन परत, एकदाही मिस नाही. पॉइंट नवे असल्याने टाच बसेपर्यंत गॅप थोडा मिटणार, म्हणून 500 किलोमीटरला पुन्हा फीलर गेज घालायचा आहे.