फायटर पुढे, मागे मागे

दुपारी जरा निवांत वेळ मिळाला म्हणून ‘बाल्डर्स गेट 3’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ उघडला. या खेपेला शेवटपर्यंत जायचंच, असं ठरवून बसले होते. हे मी चौथ्यांदा ठरवलंय. माझा विझार्ड, म्हणजे जादूगार, सहाव्या लेव्हलच्या दारात आला, लेव्हल वाढवायचं पान समोर उघडलं, आणि ते बटण दिसलं: आणखी एक क्लास जोडा. क्लास म्हणजे पात्राचा पेशा. झालं. तिथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं.

खरं तर पाचव्या लेव्हलला फायरबॉल मिळाला होता. ज्यासाठी विझार्डचा जन्म घ्यायचा ते कालच पदरात पडलं होतं, त्यावर अजून चार गोब्लिनसुद्धा धड भाजून झाले नव्हते, आणि मी चोरून फायटरच्या पानाकडे बघत होते. फायटरच्या दोन लेव्हल घेतल्या की ॲक्शन सर्ज येतो. म्हणजे एकाच पाळीत दोनदा हात चालवायचा, म्हणजे एकाच पाळीत दोन फायरबॉल. शिवाय ढाल. विझार्डच्या हातात ढाल! बदल्यात काय जाणार? खेळात एकूण लेव्हल बाराच. त्यातल्या दोन इकडे खर्ची पडल्या की विझार्ड दहावर थांबणार, आणि सहाव्या पातळीचे मंत्र, जे विझार्डच्या अकराव्या लेव्हलला उघडतात, ते कधीच दिसणार नाहीत. हा हिशेब मला तोंडपाठ आहे. मी आजवर अकराव्या लेव्हलचं तोंडही पाहिलेलं नाही, तेव्हा तिथल्या मंत्रांची काळजी मी का वाहते, तो प्रश्न वेगळा.

एक ना धड, भाराभर चिंध्या. ही म्हण माझ्या सेव्ह फाइलींकडे बघूनच कुणीतरी केली असावी. एक पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा) आहे, तो मध्येच वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारा) झाला आणि दोन्हीकडची शपथ निम्मी निम्मी पाळतो. एक ‘रोग’, म्हणजे चोरटा, आहे, त्याला रेंजरच्या तीन लेव्हल का दिल्या ते आता आठवत नाही. तेव्हा फार जोरदार कारण होतं. एका बार्डला, म्हणजे भाटाला, तर मी इतक्या वेळा उसवून शिवलंय की त्याच्यात मूळचा बार्ड किती उरलाय, देव जाणे. या खेळात ती सोयही आहे म्हणा. तळावर विदर्स नावाचा एक सांगाडा येऊन राहतो. त्याला 100 सोन्याची नाणी दिली की तो सगळं पुसतो आणि पहिल्या लेव्हलपासून पुन्हा निवडू देतो. मग त्याच्याच खिशातून ती 100 नाणी हळूच परत काढायची. हे सगळेच करतात, मी एकटी नाही.

ही खोड कुठून लागली, ते मात्र मला नेमकं माहीत आहे.

मी दहा वर्षांची होते, दादा पंधराचा. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. कॉम्प्युटर एक, खुर्ची एक. खुर्चीवर तो, शेजारी स्टुलावर मी. खेळ ‘बाल्डर्स गेट 2’, सन 2000 चा. माउस त्याच्याकडे आणि सेव्ह करायचं बटण माझ्याकडे, अशी वाटणी होती. हे काम फार जबाबदारीचं आहे, असं त्याने मला पटवून दिलं होतं, आणि अजूनही मला ते तसंच वाटतं.

मला इंग्रजी अक्षरं येत होती, इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे क्लासच्या यादीत एम, ए, जी, ई दिसलं ते मी सरळ ‘मागे’ असं वाचलं. आणि ते मला इतकं पटलं! फायटर पुढे उभा राहतो. हा झगेवाला काटकुळा जादूगार मागे उभा राहतो, म्हणून त्याचं नाव मागे. कुणीतरी विचार करून नाव ठेवलंय. दादाने दोन दिवस मला सुधारलं नाही, नुसता गालातल्या गालात हसत राहिला. मग एकदाचा खरा उच्चार सांगितला: मेज. आता मेज म्हणजे टेबल. टेबलाने विजा पाडाव्यात हे काही मला पटेना. शेवटी तोच माझ्या बाजूला आला, आणि आमच्यात तो शब्द मागेच राहिला. ‘फायटर पुढे घे, मागे मागे ठेव,’ असं मी ओरडायचे, आणि यात काही गंमत आहे हे मला कित्येक वर्षांनी कळलं.

आमचा फायटर म्हणजे रंगराव. हे नाव दादाने का ठेवलं, ते विचारू नका. दोन हातांनी पेलायची भली मोठी तलवार, अंगभर चिलखत, आणि दार दिसलं की आधी तोच आत शिरणार. या रंगरावाला मागे करायचं, असं ठरलं.

तेव्हाचे नियम जुन्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे. एल्फ, बुटके वगैरे मंडळींना सुरुवातीपासून दोन क्लास एकत्र चालवता येत. मिळालेला अनुभव (त्याच्याच आकड्यावर लेव्हल वाढते) दोघांत सारखा वाटला जाई. माणसांना ही सवलत नव्हती. माणसाने हातातलं सोडायचं आणि दुसरं धरायचं. ते ड्युअल क्लास. तेही येरागबाळ्याचं काम नव्हे: जुन्या क्लासचा मुख्य गुण किमान 15 आणि नव्याचा 17 असला पाहिजे. म्हणजे रंगरावाला ताकद 15 आणि बुद्धी 17 हवी. बुद्धी 17 असलेला माणूस इतके दिवस दार दिसलं की आधी आत का शिरत होता, हे मी दादाला विचारलंही. तो म्हणाला, तू सेव्ह कर.

खरी मेख पुढे होती. नव्या क्लासची लेव्हल जुन्याच्या वर जाईपर्यंत जुनं सगळं कुलूपबंद. कागद-पेन्सिल घेऊन खेळायच्या मूळ खेळात तर याहून खाष्ट नियम होता: मधल्या काळात जुनं कसब वापरलंत, तर त्या लढाईचा अनुभव मिळणार नाही. जीव वाचवायला वापरलंत तरी नाही. कॉम्प्युटरवर तो मोहच ठेवला नव्हता. रंगराव मागे झाला त्या क्षणी त्याची तलवार झोळीत लालसर दिसायला लागली. लाल म्हणजे तुझी नाही.

ती तलवार विकू द्यायची नाही, हा माझा हट्ट. झोळीत जागा कमी, तरी एक घर कायम त्या लाल तलवारीने अडवलेलं. रंगरावाच्या हातात गोफण आली. फायटरचा दमदार देह, अंगात झगा, हातात गोफण, आणि पाठ असलेला मंत्र एकच. तोही झोप काढून उठल्याशिवाय पुन्हा म्हणता यायचा नाही. पूर्वी एका घावात ज्यांची खांडोळी व्हायची, त्यांच्यावर आता तो लांबून खडे मारत होता आणि निम्मे खडे भलतीकडे जात होते. मला रडू यायचं. दादाला त्याच्या गोफणीचं हसू यायचं, मग माझ्याकडे बघून तो हसू आवरायचा.

त्याला वर काढायला आम्ही काय काय नाही केलं. मंत्राची गुंडाळी वहीत उतरवली की अनुभव मिळायचा, पहिल्या पातळीच्या मंत्राला 1,000, दुसऱ्याला 2,000, असा चढत जाणारा. म्हणून दिसेल ती गुंडाळी रंगरावाला. पण 17 बुद्धीला चारातली एक गुंडाळी बिघडायची आणि बिघडली की गेलीच. मग काय, आधी सेव्ह, मग उतरव, बिघडली तर लोड. इथे माझं बटण कामी यायचं. पहिल्या काही लेव्हल भराभर गेल्या. आठवी आली, नववी आली, आणि गाडी चिखलात रुतावी तसा तो तिथे बसला. आम्ही त्याला फायटरच्या नवव्या लेव्हलला वळवलं होतं. म्हणजे आता मागेची दहावी हवी, आणि दहावीला अनुभव लागतो 2,50,000.

आमचे 2,19,000 झाले होते. हा आकडा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर चालू होईना. दादाने डबा उघडला, आतली धूळ फुंकली, वायरी काढून घातल्या. मग कुणीतरी जाणकार आला, त्याने हार्ड डिस्क कानाशी धरून हलवून पाहिली आणि नुसती मान हलवली. माझी सुट्टीही संपत आली होती.

मोठेपणी असे बरेच खेळ पाहिले. ‘विझर्ड्री’ नावाचा 1981 चा एक जुना खेळ आहे. त्यात क्लास बदलला की लेव्हल पुन्हा एक, गुण घसरून तुमच्या जमातीच्या तळाला, आणि वरून पात्राचं वय काही वर्षांनी वाढतं. नवं शिकण्यात गेलेली वर्षं वयात मोजायची, हे ज्याला सुचलं तो रागावलेला असणार. त्यामानाने 1988 चा ‘ड्रॅगन क्वेस्ट 3’ मायाळू. तिथे क्लास बदलायला एक देऊळ आहे, जपानीत त्याचं नाव ‘दामा’. आपल्या कानाला ते ‘धर्म’ असंच ऐकू येतं. विसाव्या लेव्हलपुढे तिथे जायचं. लेव्हल एक होते, गुण निम्मे होतात, पण शिकलेले मंत्र तुमचेच राहतात. नायकाला तेवढं बदलता येत नाही. त्याचं बिचाऱ्याचं आधीच ठरलेलं.

त्या खेळात एक क्लास आहे, त्याला मी आपला उनाड म्हणते. लढाईच्या ऐन मध्यात हुकूम न ऐकता माकडचेष्टा करणं, हे त्याचं काम. पार्टीत, म्हणजे आपल्या टोळीत, त्याला घेणं म्हणजे एक जागा फुकट घालवणं. आणि तिथे ज्ञानी नावाचा एक वरचा क्लास आहे, ज्याला पुजाऱ्याचे आणि जादूगाराचे असे दोन्हीकडचे मंत्र येतात. ज्ञानी व्हायला बाकीच्यांना एक दुर्मीळ पोथी लागते. उनाडाला लागत नाही. वीस लेव्हल उनाडक्या केल्या की तो पोथीबिथी न घेता थेट ज्ञानी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून बराच वेळ हसले. मग लगेच एक उनाड पार्टीत घेतला. तो सतराव्या लेव्हलला आहे. आहे म्हणजे होता. तो खेळही अर्धाच राहिलाय.

‘फायनल फँटसी 5’ (1992) मध्ये तर एकेक पेशा पूर्ण शिकून सोडत जायचं आणि शेवटी बिनपेशाचं, जसं सुरुवातीला होतो तसं व्हायचं. शिकलेल्या पेशांचा कस त्या मोकळ्या माणसात उतरलेला असतो. याबद्दल मी खूप काही लिहू शकेन. पण मी दोनच पेशे पूर्ण केलेत, तेव्हा राहू दे.

आज मात्र बटणावर हात ठेवून बसले असताना रंगरावच आठवत राहिला. एखाद्या मेलेल्या पात्राबद्दल इतकं वाईट वाटत नाही. मेलेल्याला जिवंत करायचा मंत्र असतो. रंगराव जिवंत होता, नववीत होता, त्याच्या झोळीत लाल तलवार होती आणि 31,000 कमी पडले. वर्षानुवर्षं मी याचा दोष मनातल्या मनात दादाला देत आले. खेळ सुरू होतो तेव्हा फायटर सातव्या लेव्हलचा असतो. तिथेच वळवला असता तर मागेची आठवी पुरली असती, आणि आठवीला लागतात फक्त 90,000. दोन जादा लेव्हलींचा हा हावरटपणा. तेव्हा वहीत आकडे मांडून नऊच कशी बरोबर हे तो समजावत होता, ते मला लख्ख आठवत होतं: नवव्यापर्यंत फायटरला दर लेव्हलला भरघोस जीव मिळतो, पुढे नुसते तीन तीन.

म्हणून दादाला फोन लावला. भर कामाच्या वेळी.

“काय गं, काय झालं?”

“काही नाही रे. रंगरावाला आपण कितव्या लेव्हलला वळवलं होतं?”

कोण रंगराव, असं त्याने विचारलं नाही. “नवव्या.”

“बघ. सातलाच वळवला असता तर—”

“अगं, मी सातच म्हणत होतो! सुरुवातीलाच वळवू म्हटलं, तर तू भोकाड पसरलंस. वहीत आकडे मांडून दाखवले, किती लागतील, सुट्टी किती उरलीय. तू ऐकायला तयार नाहीस. म्हणालीस, फायटर आधी पूर्ण होऊ दे. अर्धवट नको.”

“मी म्हणाले?”

“स्टुलावर उभी राहून. आता ठेवू का? मीटिंग आहे.”

फोन ठेवला. पडद्यावर विझार्ड सहाव्या लेव्हलच्या दारात तसाच उभा होता. थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि फायटर निवडला. जातील ती 100 नाणी. ती परत काढता येतातच.