राजपुत्र रुंद दिसत होता

ताईला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळायचा होता. नंतरचे नाहीत, पहिला, डॉसवरचा (विंडोजच्या आधीची कॉम्प्युटरची प्रणाली), १९९० चा. लहानपणी आम्ही दोघं तो एकाच कीबोर्डवर खेळायचो. ॲरोची बटणं तिच्याकडे, शिफ्ट माझ्याकडे. शिफ्ट म्हणजे कड्याला धरून लटकणं आणि जपून पाऊल टाकणं, त्यामुळे राजपुत्र खाली पडला की चूक कुणाची यावरून भांडण ठरलेलं. परवा तिच्या नव्या लॅपटॉपवर मी तो लावून दिला. सुरू झाला, आवाज आला, राजपुत्र धावला. माझ्या लेखी काम झालं होतं. ताई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अरे, हा असा नव्हता. जाड दिसतोय हा.”

तिचं बरोबर होतं. इतकी वर्षं जुने गेम चालवत बसणाऱ्या मला ते दिसलं नाही आणि तिला दिसलं.

डॉसच्या काळातले बरेच गेम ३२० बाय २०० पिक्सेलचं चित्र काढायचे, पण ते बघायचो आपण ४:३ आकाराच्या मॉनिटरवर. ३२० ला २०० ने भागलं तर १.६ येतात, मॉनिटरचं प्रमाण १.३३. म्हणजे मॉनिटर ते चित्र उभं ताणून काच भरायचा. तेव्हाचा पिक्सेल चौरस नव्हताच, तो रुंदीच्या १.२ पट उंच होता, आणि चित्रं काढणाऱ्यांनी ती तसल्याच मॉनिटरवर बघून काढली होती. आजच्या स्क्रीनवर पिक्सेल चौरस असतात. तेच चित्र जसंच्या तसं मांडलं की माणूस बसका होतो. १६:९ च्या स्क्रीनभर ताणलं तर आणखी पसरतो.

या गेममध्ये तर ते जास्तच खटकतं. जॉर्डन मेकनर यांनी १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओवर चित्रीकरण केलं आणि ते गिरवून राजपुत्राची एकेक हालचाल काढली. धावता धावता थांबताना तोल सावरणारं ते शरीर एका खऱ्या मुलाचं आहे. ते पसरट करून दाखवायला माझं मन घेत नाही. डॉसबॉक्स म्हणजे आजच्या मशीनवर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘रेंडर’ या भागात ‘ॲस्पेक्ट’ नावाची ओळ आहे. डॉसबॉक्सच्या ०.७४ या आवृत्तीत ती मुळात ‘फॉल्स’ असते. ती ‘ट्रू’ केली, गेम परत लावला, आणि राजपुत्र पुन्हा सडपातळ झाला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. त्या येऊ द्याव्यात. स्क्रीन भरायची म्हणून चित्र ताणू नये.

कुणी “जुना गेम चालत नाही” म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, त्याला काय मिळत नाहीये? गेम बहुतेक वेळा धडधाकट असतो, फाइली तशाच असतात. ज्या मशीनच्या भरवशावर तो लिहिला गेला ते मशीन राहिलेलं नसतं. त्यातलं नेमकं काय हवंय हे कळलं की अर्धी लढाई जिंकली. ते न बघता दिसेल तो पॅच टाकत गेलं की शेवटी कशाने काय झालं तेच कळेनासं होतं. मी आधी फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो, आणि काय बदललं ते त्याच फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो. दोन वर्षांनी ती फाइल उघडताना फार बरं वाटतं.

डॉसच्या गेमला सगळंच जुनं हवं असतं. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवण्यासाठी एनटीव्हीडीएम नावाची सोय होती. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ती नाही. प्रोसेसर ६४ बिटांच्या मोडमध्ये गेला की ज्या जुन्या मोडवर ती सोय उभी होती तो मोडच मिळत नाही. त्यामुळे राइट क्लिक करून कम्पॅटिबिलिटीत ‘विंडोज ९५’ निवडण्यात वेळ घालवू नका, डॉसचा गेम त्याने सुरू होणार नाही. डॉसबॉक्स (२००२ पासून आहे) प्रोसेसर, चित्रासाठी व्हीजीए कार्ड, आवाजासाठी साउंड ब्लास्टर असं अख्खं मशीनच सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. ‘माउंट’ लिहून एक फोल्डर त्याला दाखवायचा, की गेमच्या दृष्टीने तोच सी ड्राइव्ह.

मग येतो वेग. काही गेम घड्याळ बघून चालतात, काही प्रोसेसर जेवढा पळवेल तेवढे पळतात. ‘विंग कमांडर’ ४८६ प्रोसेसरवरसुद्धा हाताबाहेर जायचा. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर ‘रनटाइम एरर २००’ देऊन सुरू होतानाच बंद पडायचे, कारण प्रोसेसर किती वेगवान आहे हे मोजणाऱ्या कोडमधल्या भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावायचं नाही. डॉसबॉक्समध्ये यावर ‘सायकल्स’ आहेत, म्हणजे त्यातल्या प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा. कंट्रोल आणि एफ ११ ने कमी, कंट्रोल आणि एफ १२ ने जास्त. आकडा पाठ करू नका. गेमचा सुरुवातीचा भाग लावा आणि हाताला बरोबर वाटेपर्यंत कमीजास्त करा, हाताला वेग आठवतो.

लोकांना वाटतं, डॉस इतका अवघड तर विंडोज ९५-९८ चे गेम सोपे असतील. माझा अनुभव उलटा आहे. डॉसचा गेम एका बंद खोलीत चालतो, विंडोजचा गेम आजच्या विंडोजच्या घरात येऊन राहतो आणि तिथे त्याच्या ओळखीचं फारसं कुणी उरलेलं नसतं. कधी गेम ३२ बिटांचा असतो पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटांचा, मग सेटअपच उघडत नाही. कधी डिस्क खरी आहे का हे तपासणारं सेफडिस्क आडवं येतं. त्याचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये सुरक्षेच्या कारणाने ठेवलेलाच नाही, त्यामुळे हातात मूळ सीडी असूनही माणूस बाहेर. ज्याने सीडी जपली त्याच्यावर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

रंगांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. विंडोज ७ वर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ लावला की गवतावर लाल-जांभळे डाग पडायचे. ग्राफिक्स कार्ड खराब झालं असं मी धरून चाललो होतो. गेममध्ये रंग फक्त २५६. चित्रात लिहिलेलं असतं ‘क्रमांक ४७’, आणि क्रमांक ४७ म्हणजे कुठली हिरवी छटा हे वेगळ्या तक्त्यात. मागे चालू असलेला विंडोजचा एक्सप्लोरर त्या तक्त्यातल्या काही जागा बदलून टाकायचा. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद केला की गवत लगेच हिरवं. आता एवढं करावं लागत नाही. सीएनसी-डीड्रॉ किंवा डीजीव्हूडू २ या मदतनीस प्रोग्रॅमची ‘डीड्रॉ’ नावाची डीएलएल फाइल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवायची. गेम आधी स्वतःच्या शेजारी बघतो, ती उचलतो, आणि ती त्याचं जुनं बोलणं आजच्या डायरेक्ट थ्रीडीला (विंडोजच्या चित्र काढणाऱ्या यंत्रणेला) कळेल असं करून देते.

आणि संगीत. ‘क्वेक’च्या सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे ट्रॅक साध्या ऑडिओ सीडीसारखे, म्युझिक प्लेअरमध्येही वाजणारे. अशा सीडीची आयएसओ (सीडीची एका फाइलमधली प्रत) काढली की फक्त डेटा येतो. गेम चालतो, गोळ्यांचे आवाज येतात, आणि मागे शांतता. खूप जण हा गेम असाच खेळलेत आणि त्यांना वाटतं तो असाच आहे. अशा सीडीची बिन आणि क्यू अशा दोन प्रकारच्या फाइलींची इमेज काढा, डॉसबॉक्सला क्यू फाइल द्या. ड्राइव्ह अजून चालतोय तोवर काढून ठेवा.

ताई तिसऱ्या लेव्हलपर्यंत पोचली, जिथे जमिनीवरचा सांगाडा उठून उभा राहतो. तलवारीने तो मरत नाही, मागे रेटत नेऊन खाली पाडावा लागतो. ती कड्याजवळ आली आणि मान न वळवता म्हणाली, “शिफ्ट.” मी हात पुढे करून शिफ्ट दाबली. गेम संपवायला मिळणाऱ्या साठ मिनिटांतली एकोणचाळीस उरली होती, तिने कंट्रोल-जी करून गेम सेव्ह केला. फोल्डरमध्ये ‘प्रिन्स डॉट सॅव्ह’ दिसते आहे ना हे मी उघडून बघितलं, आणि मगच डॉसबॉक्स बंद केला.