तुम्ही विचारलंत म्हणून: ऑस्मिनचा राग

जर्मन बेताचंच येतं, रंगमंच दिसत नाही, मग नुसता ऑपेरा ऐकून हसू कसं येतं? माझ्याकडची रेकॉर्डं चाळताना हे कुणी ना कुणी विचारतंच. माझ्यापुरतं उत्तर म्हणजे कुर्ट मोल, खर्जात गाणारा जर्मन गायक.

ऑपेरा मोझार्टचा, 'डी एंटफ्युरुंग आउस डेम झेराइल', म्हणजे जनानखान्यातून पळवून नेणं. पहिला प्रयोग व्हिएन्नात, १६ जुलै १७८२ ला. मधेमधे गद्य संवाद आणि त्यात गाणी. संगीत नाटकं पाहिलेल्यांना हे नवं नाही. तुर्की पाशाच्या कैदेतल्या कॉन्स्टान्झेला सोडवायला बेल्मॉन्टे येतो, आणि वाट अडवून बसलेला असतो पाशाचा पहारेकरी ऑस्मिन. १९७३ साली ड्रेस्डेनमध्ये वाद्यवृंद-संचालक कार्ल ब्योमने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हा ऑस्मिन मोलने गायला आहे.

बरेच गायक ऑस्मिनला विदूषक करतात. गुरगुरतात, सूर सोडून ओरडतात. मोल तसलं काही करत नाही. पहिल्याच प्रवेशात ऑस्मिन शिडीवर चढून अंजिरं तोडत गुणगुणत असतो आणि बेल्मॉन्टे खालून पत्ता विचारत राहतो. मोल ते गाणं इतकं मन लावून गातो, की पाहुण्याला उडवून लावण्यातली मजा आपोआप कळते.

खरी गंमत ऑस्मिनच्या संतापाच्या गाण्यात. आधी मुंडकं छाटीन, मग फाशी देईन, मग तापलेल्या सळ्यांवर चढवीन, जाळीन, बांधून बुडवीन, शेवटी कातडी सोलीन! मुंडकं गेल्यावर फास अडकवणार कुठे, हे विचारायला त्याला सवड नाही. गाणं संपलं असं वाटतं तोच लय वाढते, मोठा ढोल आणि झांजा घुसतात. मोझार्टने सप्टेंबर १७८१ मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात हे सांगितलं आहे: रागाच्या भरात माणसाचं भान सुटतं तसं संगीताचंही सुटावं, पण कानाला त्रास होता कामा नये. म्हणून एफ मेजर या स्वरपट्टीतून मोझार्ट ए मायनरमध्ये जातो; नात्यातली पट्टी, पण अगदी सख्खी नव्हे. मोल तिथे आवाज फाटू देत नाही. शब्द नुसते ऐकायचे, आणि शेजारी अर्थ उघडा ठेवायचा. बस्स.

पुढे ऑस्मिनच्या विजयाच्या गाण्यात मोल तळातला डी, म्हणजे अगदी खोल खर्जातला स्वर, धरतो, तोही सहज, खुर्चीत रेलून बसावं तसा.

तुर्कांना असं हास्यास्पद करणं आज खटकतं, खटकायलाच हवं. व्हिएन्नाला तुर्की वेढा पडून शंभरच वर्षं होत होती, भीतीचं हसू झालेलं. पण मोझार्टच्या नाटकात सगळ्यांत मोठ्या मनाचा माणूस म्हणजे न गाणारा पाशा: बेल्मॉन्टे आपल्या वैऱ्याचा मुलगा आहे हे कळूनही तो त्याला सोडून देतो. ऑस्मिन मात्र शेवटच्या गोड समूहगीतातही पुन्हा तेच 'आधी मुंडकं' सुरू करून चालता होतो.

ब्योमच्या संचात सगळंच सरस आहे असं नाही. आर्लीन ओजेची कॉन्स्टान्झे उत्तम, पेटर श्रायरचा बेल्मॉन्टे मला जरा कोरडा वाटतो. प्रियकर हवा असेल तर युजेन योखुमचं १९६५ चं म्युनिकचं रेकॉर्डिंग घ्या, त्यात बेल्मॉन्टे फ्रिट्झ वुंडरलिखने गायला आहे. हसायचं असेल तर मोल.