राज्यचिन्हं पावसाकडची, राज्य कोरडवाहू

स्पर्धा परीक्षेच्या गाईडात महाराष्ट्राची राज्यचिन्हं एका चौकटीत उरकलेली असतात. प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, झाड आंबा, फूल ताम्हण. २०१५ मध्ये नीलवंत फुलपाखराची भर पडली (राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य), २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे कांदळवनातलं झाड आलं आणि २०२३ मध्ये पापलेट. पाठ करायला सोपी यादी. पण ही नावं नकाशावर मांडून बघा. शेकरू आणि नीलवंत विदर्भाच्या जंगलात आहेत, आंबा आणि हरियाल तर सगळीकडेच. तरी यादीचा कल उघड दिसतो. जिथे भरपूर पाऊस, दाट झाडी किंवा समुद्र, तिथली ही मंडळी.

शेकरू बघायला लोक भीमाशंकरला जातात. १९८५ मध्ये अभयारण्य झालं ते मुख्यतः याच्याचसाठी. शेपटीसकट जवळजवळ तीन फुटांची ही खार जमिनीवर क्वचितच उतरते, झाडावरून झाडावर उड्या मारत फिरते. त्यामुळे फांदीला फांदी लागलेली नसेल तर तिथे शेकरू टिकत नाही. मधून एक रुंद रस्ता काढला तरी त्याच्या जंगलाचे दोन तुकडे होतात. जाणारे बहुतेक जण दुपारी पोचतात आणि काही दिसलं नाही म्हणून परततात. सकाळी जावं आणि आधी घरटी शोधावीत: शेंड्याकडच्या बारीक फांद्यांत काटक्या-पानांचा फुटबॉलहून मोठा गोळा. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे पाच घरटी दिसली म्हणजे पाच शेकरू आहेत असं नव्हे.

ताम्हण ओळखण्यात शहरात हमखास घोटाळा होतो. उन्हाळ्यात रस्त्याकडेला जांभळं झाड दिसलं की लोक ताम्हण म्हणून मोकळे होतात, आणि निम्म्या वेळा तो नीलमोहर असतो. पाकळ्या सुट्या, सहा-सात, क्रेप कागदासारख्या चुरगळलेल्या असतील तर ताम्हण. फूल नळीसारखं आणि पान गुलमोहरासारखं बारीक असेल तर नीलमोहर. फुलं नसतानाही ताम्हणाची गेल्या वर्षीची वाळकी, टणक बोंडं फांद्यांवर लटकलेली असतात.

नीलवंत तर घरच्या कागदी लिंबावरही येतो. पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर पुसण्याआधी नीट बघा, ती अळी असू शकते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लाल शिंगं काढून उग्र वास सोडते. मात्र लिंबावर ज्यांच्या अशा अळ्या वाढतात ती फुलपाखरं दोन-तीन जातींची आहेत, तेव्हा नीलवंतच आहे हे फुलपाखरू बाहेर पडल्यावरच ठरवावं.

पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला तो मुख्यतः काळजीपोटी. बारीक आसाच्या (म्हणजे भोकांच्या) जाळ्यात लहान पिल्लं निघत राहिली तर अंडी घालायला मासा उरणार कुठून? बाजारात पिल्लं विकायला असली तरी घेऊ नयेत, एवढं गिऱ्हाइकाच्या हातात आहे. ताजेपणाची परीक्षा कोळणी करतात तीच: कल्ल्याजवळ दाबलं की पांढरं पाणी आलं तर ताजा, लालसर आलं तर शिळा.

आता घाट उतरून पूर्वेला या. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात कसाबसा पाचशेच्या आसपास. अरबी समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, पलीकडे उरतो वारा. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण डोंगराचा उतार पूर्वेकडे, म्हणून ती १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरच्या वर, त्यातला फार मोठा भाग याच पठाराचा. इथलं एकही खास चिन्ह यादीत नाही, ही माझी तक्रार. मला विचाराल तर मान शाळूचा होता.

शाळू म्हणजे रब्बी ज्वारी, तीही मालदांडी वाणाची. बेसॉल्टचा खडक झिजून झालेली काळी माती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि पीक त्या साठ्यावर जगतं. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, हेक्टरी दहा किलो बी, ओळींत दीड फूट अंतर. लवकर पेरलं तर खोडमाशी पोंगा (मधला कोवळा कोंब) मारते, उशीर केला तर दाणा भरताना ओल संपलेली असते. पुढे खरी लढाई भेगांशी. काळी जमीन सुकताना फाटते आणि भेगांतून खालची ओल उडून जाते. म्हणून तीन कोळपण्या, म्हणजे ओळींमधली माती कोळप्याने वरवर हलवणं: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या आणि आठव्यात दातेरी कोळप्याने. शेवटची कोळपणी तणासाठी कमी आणि भेगा बुजवण्यासाठी जास्त. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते यासाठी. दाणा माणसांना, कडबा जनावरांना. ताट बुटकं असलेलं वाण दाण्याला कितीही चांगलं असलं तरी शेतकरी नाक मुरडतो, कारण कडबा कमी पडतो.

भाकरीचंही तसंच, गणित पाण्याचं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. दळण आठ-दहा दिवसांचं झालं की विरी, म्हणजे असलेला थोडा चिकटपणाही, जाते आणि थापताना कडा फाटतात. अशा वेळी पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की मळायचं. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं. ते पुरतं सुकण्याआधी उलटली नाही तर भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही.

राज्याच्या अर्थकारणाचं वर्णन मुंबईपासून सुरू होतं आणि बहुतेकदा तिथेच संपतं. साखरेकडे बघितलं तर पठार दिसतं. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस पाटपाण्यावर वाढतो, पण तोडायला माणसं येतात ती कोरडवाहू गावांतून, बीड जिल्ह्यातून सर्वांत जास्त. इथे माणसं मोजायचं माप ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोघं. मजूर जमवणारा मुकादम आधी उचल (आगाऊ पैसे) देतो आणि मग हंगामभर टनाच्या हिशेबाने ती फेडायची. दोघांपैकी एकाने सुट्टी घेतली तरी खाडा पुऱ्या कोयत्याचा धरतात. दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर भरून माणसं निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत फडातच. शाळू काढणीला येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा गावात कणसं खुडायला असतात ती म्हातारी माणसं.